इंजिनाचं तोंड

“अहो, माझा हंडा कुठाय?”

सगुणाने हा प्रश्न स्वयंपाकघरातून विचारला आणि अंगणातल्या मांडवात महिपत नागवेकर एकदम कामात गढून गेला. नवरा असा अचानक कामात गढला की काहीतरी घोळ आहे, हे ओळखायला सगुणाला काही वेळ लागत नसे. पदर खोचून ती बाहेर आली. माहेराहून रुखवतात आलेला तिचा तांब्याचा हंडा विमानाच्या नाकामागे पक्का बांधलेला होता आणि त्याच्या पोटातून दोन रबरी नळ्या निघून इंजिनात गेल्या होत्या.

“मोटारीची जाळी फुटलीय,” महिपत मान वर न करता म्हणाला. “इंजिनाला थंड ठेवायला पाणी कुठंतरी साठवायला हवं की नको?”

“आणि आंघोळीचं पाणी कुठं तापवू? पातेलीत?”

“थोडे दिवस गो. एकदा उडालं की तुला दुसरा घेतो.”

“मला दुसरा नको. हाच हवा.”

आता भाट्याच्या एका नारळीच्या आगरात, एकोणीसशे पस्तीस सालच्या आसपास, विमान काय करत होतं हे सांगायला हवं. महिपत आधी किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीवर इंजिनखोलीत तेलवाला होता. एका उतारूने मागे टाकलेलं इंग्रजी चित्रांचं मासिक त्याला सापडलं. त्यात कुणा विलायती गृहस्थाने परसात विमान बांधल्याची चित्रं होती. महिपतला इंग्रजी येत नव्हतं, पण विमानात बसवलेलं इंजिन मोटारीचं आहे एवढं त्याला चित्रावरून ओळखू आलं. बस्स. माणसाचं डोकं फिरायला तेवढं पुरतं. बोट सोडून तो घरी आला, आणि पंप-मोटारी दुरुस्त करता करता विमानाच्या मागे लागला.

मोटारीचं इंजिन मिळालं सासऱ्यांकडून. रावजी भाटकर हे आंब्याचे व्यापारी. त्यांनी हौसेने मोटार घेतली आणि स्वतः चालवली, एकदाच. मोटार फणसाच्या झाडावर गेली. इंजिन तेवढं धड राहिलं. रावजींना मोटारीचं दुःख नव्हतं, त्यांचं दुःख होतं खाडी. भाट्यातून रत्नागिरीला जायला मध्ये खाडी आणि खाडीवर तर, म्हणजे माणसं आणि माल पलीकडे नेणारी होडी. तरवाले आधी पान जमवणार, मग भरती बघणार, मग कुणाचं तरी लग्न कसं मोडलं ते एकमेकांना सांगणार, आणि तोवर मांडवीच्या बंदरातून मुंबईची बोट भोंगा देऊन निघून जाणार. रावजींचे आंबे वाळूवर पिकत बसायचे. दरवर्षी हेच. म्हणून जावई म्हणाला, “मामा, सकाळी झाडावरचा आंबा दुपारी मुंबईत उतरवतो,” तेव्हा रावजी वेड्यासारखे खूश झाले आणि इंजिन देऊन बसले. पण व्यापारी माणूस, त्यांनी अटही घातली.

“पावसाळ्याआधीची शेवटची बोट सुटायच्या आत विमान उपयोगाला आलं पाहिजे, जावईबापू. नाय आलं, तर त्याच बोटीनं तुम्ही मुंबईला. माझ्या भावानं गिरणीत जागा धरून ठेवलीय.”

“आणि सगुणा?”

“त्याच्या खोलीत आधीच सातजण झोपतात. ती कुठं मावणार? ती ऱ्हाईल इथं. तुम्ही गणपतीला या.”

त्या दिवसापासून सगुणा नवऱ्याच्या खुळाला नावं ठेवेनाशी झाली. तिला विमानाचं कौतुक नव्हतं, पण नवरा वर्षातून एकदा, गणपतीबरोबर येऊन गणपतीबरोबर जाणारा, तिला नको होता. शिडाचं कापड शिवून दोन्ही पंखांवर तिनेच चढवलं. हंडाही अखेर तिने परत मागितला नाही, फक्त रोज मांडवात जाऊन चिंचेने घासून यायची.

विमानाचा सांगाडा केला धाकू सुताराने. धाकूने जन्मभर होड्या बांधल्या होत्या. महिपतने त्याला चित्र दाखवलं. धाकूने ते आडवं धरून, उभं धरून बघितलं आणि म्हणाला, “कळलं. होडीलाच हात फुटलेत.” मग त्याने होडीच बांधली. फळी फळीला जोडली की मधल्या फटीत कापूस ठासायचा, वर राळ ओतायची आणि तेल चोपडायचं.

“धाकूदादा, हे हवेत जायचंय. फटी बुजवून काय करतोस?”

“फट ऱ्हाईली तर लोक काय म्हणतील? धाकूनं फट ठेवली?”

“अरे पण वजन वाढतंय.”

“मग ते पंख कशाला लावलेस?” धाकू म्हणाला, आणि पुढच्या फटीत कापूस ठासू लागला.

नाकावरच्या पंख्यासाठी मात्र धाकूने जीव ओतला. इंजिन मांडवाबाहेर ओंडक्यांवर ठेवून महिपतने ते सुरू करून दाखवलं. हँडल मारायच्या बाजूला पंखा लागणार होता. ती बाजू कशी फिरते ते धाकूने बोटाने हवेत गिरवून घेतलं, आणि सागाच्या फळीतून असा पंखा तासला की तो फिरला म्हणजे वारा मागे जावा आणि विमान पुढे. हे अगदी बरोबर होतं. या गोष्टीत नंतर जे झालं त्यात धाकूचा काही दोष नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

दोष आला तो इंजिन विमानात बसवायच्या दिवशी. यमुनाआत्या हळदकुंकू आणि नारळ घेऊन मांडवात आली. आत्या म्हणजे महिपतच्या वडिलांची बहीण. घरात तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे, मांजरसुद्धा. इंजिन दोरखंडाने लोंबत होतं. आत्याने त्याला निरखून पाहिलं.

“ह्याचं तोंड कुठलं रे?”

“हे, हँडल घालतात ते,” महिपत म्हणाला.

“आणि ते कुणीकडे करणार?”

महिपतने पुढे बोट दाखवलं. आत्याने उन्हाकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, आणि नारळ खाली ठेवला.

“दक्षिण.”

“विमानच दक्षिणेकडे तोंड करून आहे आत्ये. मांडव तसा आहे.”

“मेल्या, दक्षिणेला तोंड करून आपण जेवत नाय, आणि तू इंजिन बसवतोस? ज्यात माझा भाचा बसायचा, त्यात? फिरव.”

विमान फिरवायला दोन्ही पंखांआड माडांची खोडं येत होती. मांडव मोडायचा तर शेवटची बोट तोंडावर आलेली. महिपतने खूप समजावलं, सगुणाने समजावलं, धाकू बिडी ओढत गंमत बघत बसला. शेवटी महिपतला वाटलं, इंजिन फिरवायला काय जातं? चार बोल्ट या टोकाला, चार त्या टोकाला. त्यांनी इंजिनच उलटं केलं. तोंड आलं उत्तरेला, म्हणजे बसणाऱ्याकडे. पंखा होता तसाच नाकावर, इंजिनाच्या पाठीला लावला. आणि गंमत म्हणजे त्यामुळे फारच सोय झाली. हँडल थेट बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे आलं, बाहेर उतरायला नको. इंजिन बंद करायची कळ तेवढी पंख्याच्या अंगाला गेली, हात पोचेना. पण चालूच झालं नाही तर बंद काय करायचंय, असा विचार महिपतने केला आणि आत्याने नारळ फोडला.

इंजिनाची पाठ त्याच्या तोंडाच्या उलटी फिरते, हे बोटीवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सुचायला नको? सुचलं असतं. पंखा लावून एकदा फिरवला असता तर लगेच दिसलं असतं. पण मांडवाशेजारी आत्याची कोकमाची सोलं वाळत पडली होती.

“वारा करायचा नाय,” आत्या म्हणाली. “एक सोल उडालं तर बघ.”

त्यामुळे पंखा पहिल्यांदा फिरायचा तो थेट उड्डाणाच्या दिवशी असं ठरलं. तो दिवस म्हणजे शेवटच्या बोटीचाच दिवस. रावजींनी आंब्याच्या पेट्या सकाळीच तरीवर पाठवल्या आणि त्यांच्यावर महिपतची ट्रंक. “उडालात तर ट्रंक परत आणू,” ते म्हणाले. सगुणाने ट्रंक भरताना त्याची जाड घोंगडी आत घातली, काढली, पुन्हा घातली. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

मांडव मोडून विमान पुळणीवर आणलं. पुढे दक्षिणेला लांबलचक वाळू, मागे उत्तरेला खाडी. विमान खाडीत जाऊ नये म्हणून तोंड दक्षिणेलाच ठेवलं. इंजिनाचं तोंड उत्तरेला असल्याने आत्याची हरकत नव्हती. रावजींनी मुहूर्ताची म्हणून आंब्याची एक पेटी स्वतः आत ठेवली. मग महिपत आत बसला, सुपारी तोंडात टाकली, आणि म्हणाला, “मामा, धाकूदादा, शेपटी घट्ट धरून ठेवा. इंजिनाला जोर आला की मी हात वर करीन, मग सोडा. नाहीतर आधीच पुढे पळेल.”

महिपतने हँडल मारलं. इंजिन खोकलं, शिंकलं, आणि सुरू झालं. पंखा गरगरला. पुढच्या बाजूला वाळू उडाली, आणि लांब उभ्या असलेल्या सगुणाचा पदर तोंडावर आला. विमान हललं.

“मामा, ओढू नका, नुसतं धरा,” महिपत ओरडला.

“मी कुठं ओढतोय?”

“मग मागं का येतंय?”

“तेच ढकलतंय मला. धाकू, तू ओढतोस काय रे?”

“मी केव्हाच सोडलंय,” धाकू म्हणाला. तो खरंच लांब उभा होता.

रावजींनी टाचा वाळूत रोवल्या. इतकी वर्षं तरवाल्यांशी भांडलेला माणूस, असा हटणार थोडाच? पण विमानाने त्यांना पाच-पंचवीस पावलं मागे नेलं, मग पळवलं, आणि पळणं जमेना तेव्हा रावजी उडी मारून शेपटीवरच बसले, धोतर सावरत, दोन्हीकडे पाय टाकून. महिपत बंद करायची कळ शोधत होता. ती इंजिनापलीकडे, पंख्याजवळ होती. वाळू संपली. विमान शेपटी पुढे करून खाडीत शिरलं.

आणि तरंगलं.

का नाही तरंगणार? धाकूने कुठे फट ठेवली होती? दोन्ही बाजूंचे पंख, होडी कलंडू नये म्हणून बांधतात त्या उलांडीसारखे, पाण्यावर टेकले, आणि ते यंत्र फट फट आवाज करत उलटं पलीकडे निघालं. आत महिपत मान वळवून बघतोय, पुढच्या टोकाला रावजी नवरदेव घोड्यावर बसावा तसे बसलेत. खाडीच्या मध्यावर तर उभी होती. उभीच. तरवाले कुणाचं तरी लग्न सांगत होते. सांगणाऱ्याच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं.

रावजी आतापर्यंत डोळे मिटून कुलदेवतेला हाक मारत होते. तर मागे पडलेली बघून त्यांनी डोळे उघडले, पाठ ताठ केली आणि मिशीवरून हात फिरवला. “सरका बाजूला,” ते तरवाल्यांना म्हणाले. खरं तर सरकायची काही गरज नव्हती.

मांडवीच्या बंदराजवळ एका लाटेने इंजिनावर पाणी उडवलं आणि ते गपकन बंद झालं. बोटीवर माल नेणारा शेवटचा पडाव सुटायच्या बेतात होता. रावजींनी शेपटीवरूनच पेटी वर दिली. पडाव निघाला, बोटीचा भोंगा झाला, बोट गेली. बऱ्याच वेळाने तर टेकली, बाकीच्या सगळ्या पेट्या घेऊन. वर महिपतची ट्रंक.

महिपत कंबरभर पाण्यात उभा होता. “मामा, उडालं नाय,” तो म्हणाला. “पण बोट चुकली. आता पावसाळ्यानंतर जाईन मुंबईला.”

“मुंबईला?” रावजी धोतर पिळत म्हणाले. “मुंबईला कोण चाललंय? माझा माल इथं वाळूवर पडतोय आणि तुम्हाला गिरणी सुचतेय? ही ट्रंक घरी न्या. आणि गणपतीच्या सुमाराला बोटी सुरू झाल्या की रोज सकाळी मला हे इथं हजर पायजे.”

घरी आल्यावर महिपतला चूक कळली, आणि तो पाने घेऊन इंजिन सरळ करायला निघाला. आत्या आडवी आली.

“इंजिनाचं तोंड कुठं होतं?”

“उत्तरेला.”

“आणि ते गेलं कुठं?”

“उत्तरेला.”

“मग चुकलं कुठं? हात लावू नको.”

सगुणा दारात ट्रंक उपसत बसली होती. तिने घोंगडी बाहेर काढली, झटकली, आणि वलणीवर टाकली. “आत्या म्हणतात तसंच राहू दे,” ती म्हणाली.

तेव्हापासून ते यंत्र रोज सकाळी आंबे, नारळ आणि घाईची माणसं घेऊन उलटंच रत्नागिरीला जाऊ लागलं. सगळे त्याला विमानच म्हणत. पंखही कापले नाहीत, कारण ते कापले असते तर यंत्र कलंडलं असतं. मात्र परतताना भाटं दक्षिणेला. इंजिन लावून यायचं तर त्याचं तोंड दक्षिणेला होणार, आणि आत्या पुळणीवर उभी राहून बघायची. म्हणून येताना इंजिन बंद. महिपत वल्ही मारत यायचा, खांदे भरून, घामाघूम होऊन, आणि मनातल्या मनात त्या विलायती गृहस्थाला शिव्या घालत.

काठाला लागलं की सगुणा पाण्यात उतरून हंड्याच्या नळ्या सोडायची आणि हंडा कमरेवर घेऊन घरी यायची. पाणी अजून छान कोमट असायचं. न्हाणीघरातून ती हाक मारायची, “अहो, या लवकर. निवतंय.”