चौदाचे नऊ कावून झाले

किसनरावांनी निघायची वेळ दहाची ठरवली होती. दहाला सात मिनिटं कमी असताना अन्सार मिस्त्री गाडीच्या छपरावरून खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "झालं भाऊ. निघा आता तुमी."

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाल्यावर किसनरावांनी ती घेतली आणि अकोल्यातल्या आपल्या अंगणात उभी करून दीड वर्षात तिचं घर केलं. आत दोन माणसांपुरता पलंग, छोटा ओटा, फ्रिज, छपराला हवा बाहेर फेकणारा पंखा. नोकरीभर दुसऱ्यांच्या बांधावरून साखळी ओढत फिरलेल्या माणसाला आता बायकोला घेऊन आपल्या मर्जीने फिरायचं होतं. राहिली होती ती वीज. गाडी उभी असली की बॅटरी तासाभरात बसायची. म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान असलेल्या अन्सारने दोन दिवस खपून छपरावर तीन सोलर पॅनल बसवले होते.

"चार्जिंग किती होईन?" किसनरावांनी विचारलं.

"ऊन असं राह्यलं तं चौदा अँपिअर."

किसनरावांनी खिशातली वही काढून 'चौदा' लिहिलं. "आन गाडी साठनं गेली तं पॅनल हालनार नाई ना?"

"तीस वर्सं झाले मले या धंद्यात," अन्सार जरा दुखावून म्हणाला. "एकेक नट माह्या हातानं कसला."

आज पहिलाच प्रवास. अमरावतीला मुलगी सीमा जेवायला वाट पाहत होती. किसनराव मागचं दार नीट लागतं का पाहायला गेले. त्यांची बायको आशाबाई घराला कुलूप लावत होत्या. अन्सार फाटकाजवळ पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तेरा नंबरचा पाना वरच राहिला. कुणाला सांगण्याइतकी ती गोष्ट नव्हती. तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला वळला, टेकवलेल्या शिडीशी चपला काढल्या आणि वर चढला. पाना दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनलच्या मधल्या फटीत घसरला होता. अन्सार पोटावर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

त्याच वेळी शेजारचे भगवंतराव आपली शिडी न्यायला आले. त्यांना शेवग्याच्या शेंगा काढायच्या होत्या. काम झाल्याचं त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलंच होतं. त्यांनी शिडी खांद्यावर टाकली आणि ते चालते झाले.

किसनरावांनी दारं-खिडक्या पाहत गाडीला एक फेरी मारली. शिडी नाही म्हणजे मिस्त्री गेला. ते स्टिअरिंगवर बसले, आशाबाई मागे ओट्याजवळच्या खुर्चीत बसल्या, आणि बरोबर दहा वाजता गाडी फाटकाबाहेर पडली.

इंजिन सुरू झालं तेव्हा अन्सारला वाटलं, किसनभाऊ गाडी सावलीत घेत असतील. गाडी गल्लीतून रस्त्याला लागली तेव्हा त्याने पाना सोडला आणि हात ओढून बाहेर काढला. आपलं दुकान उजवीकडून निघून गेलेलं त्याने वरून पाहिलं. एवढ्या उंचावरून ते त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं. दुकानाच्या पत्र्यावर एक फाटका टायर पडला होता, तो कुणाचा हेच त्याला समजेना. मग तो ओरडायला लागला.

रस्त्यावरच्या लोकांनी मान वर करून पाहिलं आणि ते आपापल्या कामाला लागले. छपरावर माणूस बसलेली गाडी ही काही वऱ्हाडात थांबून पाहण्याजोगी गोष्ट नव्हे.

आत किसनराव खुशीत होते. "मीटर काय म्हणते?" त्यांनी मागे विचारलं.

"चौदा," आशाबाईंनी ओट्यावरच्या मीटरवर वाचून सांगितलं.

"पाह्य. सूर्य फुकट देऊन राह्यला, आन आपुन एवढे वर्सं नुसते घामेजलो."

गाव मागे पडलं आणि गाडीने वेग घेतला. वर अन्सारने छपराच्या पंख्यापाशी सरपटत जाऊन त्याच्या जाळीला तोंड लावलं आणि जीव खाऊन हाक मारली. खाली पंखा जोरात फिरत होता. पात्यांनी त्या हाकेचे तुकडे केले आणि ते आशाबाईंच्या डोक्यावर पडले.

आशाबाईंनी वर पाहिलं. "अहो, हा पंखा काईतरी म्हनून राह्यला."

"काय म्हनते?"

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "थांबा थांबा म्हनते."

"नवा हाये. घासीन थोडा, मंग गप होईन."

आशाबाईंनी पंखा बंद करावा की काय असा विचार केला, पण गरम होत होतं. त्यांनी तो एक नंबरने वाढवला.

बोरगाव मागे गेलं. तिथून रस्ता मोकळा होता आणि किसनरावांनी गाडी साठवर नेली. आता अन्सारला दुसराच आवाज आला. टक, टक, टक. त्याने मान वळवली. तिसऱ्या पॅनलचा एक कोपरा वाऱ्याने उचलला जात होता आणि परत आपटत होता. तिथला नट जागेवर नव्हता. एकच नट त्याने हाताने फिरवून 'मागून कसतो' म्हणून ठेवला होता आणि मग चहा आला होता. तो आता कुठल्या तरी शेताच्या बांधावर पडला असणार. पॅनल सुटून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या गळ्यावर गेला तर काय, हे मनात येताच अन्सार ओरडायचं विसरला. तो सरपटत गेला आणि हातपाय पसरून तिसऱ्या पॅनलवर पालथा झोपला.

"नऊ," खाली आशाबाई म्हणाल्या.

"काय नऊ?"

"मीटर. चौदाचे नऊ झाले."

किसनरावांनी काचेतून आभाळाकडे पाहिलं. मार्चचं ऊन रणरणत होतं. ढगाचा ठिपकाही नव्हता. "चौदाचे नऊ कावून झाले?"

"मले काय माईत. मी काय केलं त्याले?"

"धक्का गिक्का लागला काय तुह्या हातचा?"

"मी इथं हात मांडीवर ठेवून बसली हावो," आशाबाई म्हणाल्या, आणि त्या खरंच तशा बसल्या होत्या.

एवढ्यात एक मोटरसायकल गाडीच्या बरोबरीने आली. मागे बसलेला माणूस हाताने वर दाखवत होता आणि काहीतरी सांगत होता. किसनरावांना बरं वाटलं. त्यांनी काच अर्धी खाली घेतली आणि मोठ्याने सांगितलं, "सोलर हाये, सोलर. चौदा अँपिअर." त्या माणसाने डोक्याला हात लावला. किसनरावांनीही त्याला नमस्कार केला.

वर अन्सारला हे सगळं ऐकू आलं. पत्रा तापला होता, अनवाणी पाय पोळत होते, आणि खालचा माणूस लोकांना त्याच्या कामाची तारीफ सांगत होता. हाक पोचत नाही हे त्याला कळून चुकलं होतं. पण तिन्ही पॅनलची वायर जिथे आत जात होती ती पिन त्याच्या हाताशी होती. त्याने ती ओढून काढली.

"शून्य," आशाबाई म्हणाल्या.

किसनरावांनी खिशातला मोबाइल आशाबाईंकडे मागे दिला. "लाव अन्सारले. म्हन, तीस वर्सं धंद्यात हाये म्हनता आन काम तीस किलोमीटर नाई टिकलं."

आशाबाईंनी नंबर लावला. पलंगाच्या उशाशी, नव्या सॉकेटमध्ये, एक मोबाइल वाजायला लागला. सॉकेट चालतो हे दाखवायला अन्सारने सकाळी आपलाच फोन तिथे लावला होता आणि तो तिथेच राहिला होता.

"घ्या," किसनराव म्हणाले. "कामही गेलं आन मानूस बी भेटत नाई."

आशाबाईंनी फोन बंद केला, तरी पलंगाजवळचा मोबाइल परत वाजला. आता तिकडून हलीमाबीचा फोन होता, अन्सारच्या बायकोचा. आशाबाईंनी तो उचलून 'हॅलो' म्हटलं.

"वैनी, आमच्या याइले द्या ना फोन," हलीमाबी म्हणाली. "नास्ता थंडा होऊन गेला. किती येळ ठेवून घेता मानसाले."

"ते तं कवाचेच निंघाले ना. आमी मूर्तिजापूरच्या जवळ आलो."

"घरी तं आलेच नाई. म्हून तं मी तुमच्या दारात येऊन उभी हाये. गाडी नाई, कोनी नाई." हलीमाबी थोडी थांबली. "वैनी, यांच्या चपला मातर इथंच हायेत."

"कुठं?"

"गाडी उभी राहे ना, त्याच्या बाजूले. भगवंतभाऊ म्हनून राह्यले का त्याइनं शिडी नेली तवा बी चपला इथंच होत्या."

आशाबाईंनी फोन कानाशी तसाच धरला. शिडी नेली. चपला खाली. त्यांची नजर हळूहळू वर गेली. पंखा पुन्हा तुटक तुटक काहीतरी म्हणत होता, आता फार दमलेल्या आवाजात.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "गाडी थांबवा."

"आता थांबून काय, मूर्तिजापूरलेच..."

"अन्सारभाऊ वर हायेत."

किसनरावांनी आरशात बायकोकडे पाहिलं. ती उन्हाने भ्रमली असावी असं त्यांना क्षणभर वाटलं. मग छपरावरून तीन ठोके आले, सावकाश, एकेक.

रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती आणि तिच्याजवळ तुरीच्या कुटाराने म्हणजे भुशाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. किसनरावांनी तिच्या बाजूला गाडी लावली आणि खाली उतरून वर पाहिलं. छपराच्या कडेवरून अन्सारचं तोंड बाहेर आलं. ते धुळीने इतकं माखलं होतं की ओळखीचे फक्त डोळे राहिले होते. टपरीवाल्याच्या हातातली किटली तशीच वाकडी राहिली आणि चहा कपातून बशीत, बशीतून फळीवर सांडत गेला.

अन्सार कुटारात उतरला, कुटारातून जमिनीवर आला आणि बाकावर बसला. आशाबाईंनी पाणी दिलं. ते तो एका घोटात प्यायला, मग दुसरा तांब्या डोक्यावर ओतून घेतला. आशाबाईंनी हलीमाबीचा फोन त्याच्या कानाला लावला. तो एवढंच म्हणाला, "हाव, जिंदा हाये. येतो."

किसनरावांना उभं राहवेना. त्यांनी आपल्या चपला काढून अन्सारच्या पायांपुढे सरकवल्या. "अन्सारभाऊ, मले दोन कानाखाली मारा," ते म्हणाले. "मोजणीत आयुष्य गेलं माह्यं. इंचाचा फरक नाई पडू देला. आन छपरावरचा मानूस मोजायचा राह्यला. तुमाले काई झालं असतं तं हलीमाबीले काय तोंड दाखवलं असतं मी? मले माफ करा."

अन्सार मान खाली घालून चहा पीत होता. किसनराव चौथ्यांदा माफी मागायला लागले तेव्हा त्याने कप खाली ठेवला. गप्प बसलं असतं तर चाललं असतं. किसनभाऊंनी जन्मभर त्याच्यापुढे मान वर केली नसती. पण त्या पोळलेल्या पायांत दुसऱ्याच्या चपला घालून बसवेना.

"तुमी माफी मांगू नोका, भाऊ," तो म्हणाला. "तिसऱ्या पॅनलचा एक नट मी कसलाच नवता. बोरगावच्या म्होरं पॅनल उचलाले लागला. उडला असता तं कोनाचा तरी गळा कापला असता. म्हून मी त्याच्यावर झोपलो."

किसनरावांना हे उमगायला वेळ लागला. त्यांनी नकळत खिशातली वही काढली होती. "म्हंजे चौदाचे नऊ..."

"माह्या सावलीनं."

"आन शून्य?"

"पिन काढली. तुमाले हाक ऐकू जाईना तं काय करू?"

किसनराव बाकावर बसले. अन्सारवर चिडावं की त्याच्या पाया पडावं, हे त्यांना ठरवता येईना. दोन्ही एकदमच आतून येत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "नट कुठं भेटन?"

"मूर्तिजापूरले. दहा किलोमीटर हाये."

"दोरीनं बांधलं तं?"

टपरीवाल्याने दोरी नाही म्हणून मान हलवली. ट्रॉलीवाला कुठे गेला होता कुणालाच माहीत नव्हतं. हायवेवरून ट्रक सुसाट जात होते आणि प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याबरोबर छपरावर टक्कन आवाज होत होता.

आशाबाईंनी तो आवाज दोनचारदा ऐकला. मग रिकामे कप टपरीवाल्याला परत देत त्यांनी विचारलं, "मंग मूर्तिजापूरवरी वर कोन बसते?"

त्यांच्या आवाजात थट्टा अजिबात नव्हती. अन्सारने आपल्या पायांकडे पाहिलं. किसनरावांनीही त्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, खिशातून गाडीची किल्ली काढून अन्सारच्या हातात ठेवली, आणि कुटाराच्या ट्रॉलीवरून गाडीच्या छपरावर चढायला लागले.