शिळं पाणी मागणारे रशीदचाचा

परळीत आमच्या गल्लीला आठ दिवसांनी नळ येतो. नळ आला की आधी घराघरांतले पिंप आणि हंडे गटारीत रिकामे होतात, कारण जुनं पाणी शिळं. त्याच वेळी रशीदचाचा हातगाड्यावर निळा ड्रम ठेवून भंगारवाल्यासारखे ओरडत निघतात, "शिळं पानी द्याऽऽ, शिळं पानी."

मी शिकायला मावशीकडे राहते. आईवडील ऊसतोडीला जातात. कॉलेजात गेलेली घरात मी पहिलीच, त्यामुळे कुणाबद्दल लिहायला आपल्याला जमेल का, अशी धाकधूक वाटते. पण चाचांबद्दल लिहावंसं वाटतं.

चाचांची उभी हयात मोटरी भरण्यात गेली. म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. आता दुकान बंद आहे, हात मात्र गप्प बसत नाहीत. पहिल्यांदा मी घागर ओतायला निघाले, तर त्यांनी गाडा आडवा लावला. "कावून फेकायलीस? पानी काय भाकर हाय, शिळं व्हायला?" हे वाक्य ते प्रत्येकाला ऐकवत. मावशी म्हणायची, रशीदभाईंचं डोकं जळालंय, कुणीतरी ते भरून द्या.

जमलेलं पाणी ते कोपऱ्यावरच्या कोरड्या आडाशेजारी ओतत. तिथे पाणी जमिनीत मुरावं म्हणून विटांचे तुकडे आणि वाळू घालून त्यांनी एक खड्डा केला होता. चार ड्रमनी आड भरत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचा डोळा गच्च्यांवर होता. जो गच्चीवर साचलेली वीज केंद्राची राख झाडून पावसाच्या पाण्याचा पाइप खड्ड्यात सोडेल, त्याची मोटर फुकट भरून मिळेल, असं त्यांनी जाहीर केलं. लोक हसले. मेपर्यंत आडाला पाणी टिकलं पाहिजे, एवढंच चाचा म्हणत. मेच का, हे कुणी विचारलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कॉलेजची पाणीबचत फेरी गल्लीत आली. पोरींच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून मावशीने आणि शेजारणींनी सकाळीच रस्ताभर पाणी मारलं होतं. मी फलक धरून सगळ्यांत पुढे. चाचा गाड्याला टेकून उभे होते. हळूच म्हणाले, "घोषणा चांगली हाय बेटा. जपून चाल, घसरशील."

मला फार लाज वाटली. त्या दिवशी मी मावशीच्या मागेच लागले आणि गल्लीतला पहिला पाइप आमच्या गच्चीवरून उतरला. मग ज्यांच्या मोटरी जळाल्या ते आले. बाकीचे शेजाऱ्याचा पाइप बघून आले.

यंदा मेमध्ये आडात बादली सोडली, तर खालून 'डुबुक' असा आवाज आला. चाचांनी माझ्या हातात मोबाइल दिला. "फोटो काढ. पानी दिसू दे, मी नगं."

तो फोटो पुण्याला, त्यांच्या मुलीला, नसीमला पाठवायचा होता. चाची गेल्यापासून चाचा घरात एकटेच. नसीम दर सुट्टीत मुलांना घेऊन यायची. पाण्याचे हाल बघून तीन उन्हाळे ती आली नव्हती. हे मला तेव्हा कळलं. आडाच्या कठड्यापाशी दोन बारक्या बादल्या पालथ्या ठेवल्या होत्या, एक लाल आणि एक पिवळी.

थोड्या वेळाने उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, "अब्बा, किती दिवस पुरेल?"

चाचांनी वाकून आडात बराच वेळ पाहिलं.

"लिव," ते म्हणाले, "पोरं कटाळंस्तोवर."