पाणवठ्यावरचा ससा

एका जंगलात एक शाळा होती, आणि त्या शाळेत, बाळांनो, बाई वर्गात चक्क गोष्ट वाचून दाखवत असत.

त्या बाई म्हणजे भेकरबाई. आवाज बारीक, पण वाचायला लागल्या की मागच्या बाकावरचं रानडुकरसुद्धा खाजवायचं थांबे. त्यांची आवडती गोष्ट होती ‘पाणवठा’. त्याच जंगलातल्या एका म्हाताऱ्या तरसिणीनं ती लिहिलेली होती. सगळे तिला तरसआजी म्हणत.

गोष्ट छोटीशीच. कडक उन्हाळा असतो. एक तरसीण दोन तहानलेली पिल्लं मागे ठेवून पाण्याच्या शोधात निघते. शेवटच्या पाणवठ्यावर घोटभर पाणी उरलेलं असतं आणि तिथे एक लंगडा ससा पीत असतो. तरसीण त्याला हाकलत नाही. त्याचं पिऊन होईपर्यंत थांबते. मग ओला चिखल तोंडात धरते आणि परत फिरते. बस्स. पिल्लं जगली की नाही, ते गोष्टीत लिहिलेलंच नाही.

दरवर्षी मुलं विचारत, “बाई, पिल्लं जगली का?” बाई सांगत नसत. मग मुलं मधल्या सुट्टीत भांडत. ती थांबली ते बरोबर की चूक, यावरून एका वर्षी दोन मुंगसं आठवडाभर एकमेकांशी बोलली नव्हती. शिकवणं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं.

एकदा शाळा तपासायला अस्वलसाहेब आले. ते राजधानीतलं प्रशिक्षण घेऊन आले होते. वर्गात बाई वाचत होत्या आणि मुलं गप्प बसून ऐकत होती. साहेबांना ते भयंकर वाटलं. वर्गात काहीच घडत नाही, असं त्यांनी मुख्याध्यापक गवासरांना सांगितलं. आता जंगलात घरोघरी मोबाइल आले आहेत, तेव्हा यापुढे मुलांनी गोष्ट ऐकायची नाही, तिचा सिनेमा करायचा. गवासरांनी मान हलवली. त्यांची मान फार चांगली हलत असे.

बाईंनी वर्गाचे गट पाडले आणि ‘पाणवठा’ दिली.

पहिल्या गटाचा दिग्दर्शक झाला लंबू नावाचा वानर, कारण मोबाइल त्याचा होता. लेखन कोल्ह्याकडे गेलं. त्यानं गोष्ट वाचली नाही. शेजारच्या जंगलातल्या एका कोल्ह्यानं तिचा सारांश काढून ठेवला होता, तो त्यानं मागवला. तरसीण पडद्यावर बरी दिसत नाही म्हणून ते काम मोराला मिळालं. लंगडा ससा व्हायला कोणी तयार होईना. संवाद नाही, नाच नाही, नुसतं पाणी प्यायचं. शेवटी त्यांनी ससाच काढून टाकला. आता तिथे थांबण्याचं कारण उरलं नाही, म्हणून एक मगर आणली. मारामारी झाली. मोर जिंकला, आभाळ भरून आलं, गाणं झालं आणि दोन्ही पिल्लं गुबगुबीत होऊन नाचली.

त्याच गटात कुसळी नावाची साळिंदराची पोर होती. गोष्ट एकदा वाचून तरी घेऊ, असं ती म्हणाली. तिला गटातून काढलं.

मग तिनं एकटीनंच सिनेमा केला. त्यात एका कोरड्या डबक्याचं चित्र होतं आणि ती ‘पाणवठा’ वाचत होती. शेवटचं वाक्य वाचताना ती जरा अडखळली होती. ते तिनं तसंच ठेवलं.

भेकरबाईंनी सगळे सिनेमे पाहिले. लंबूला विचारलं, “ससा कुठे आहे?”

“कापला बाई. लांबी वाढत होती.”

बाई सशाचे गुण कापायला निघाल्या. पण साहेबांनी दिलेल्या तक्त्यात गुण होते ते रंगांना, आवाजाला, सांघिक भावनेला. गोष्टीसाठी रकाना नव्हता. बाईंनी लंबूच्या गटाला पैकीच्या पैकी गुण दिले. कुसळीच्या सिनेमात हालचाल नाही, संघ नाही. तिला नापास केलं. मग घरी जाऊन त्या बराच वेळ चारा न खाता बसून राहिल्या. चारा न खाल्ल्यानं कुसळी पास झाली नाही, हे वेगळं.

बक्षीस समारंभाला तरसआजींना बोलावलं. पहिल्या रांगेत बसून त्यांनी मोराचा सिनेमा पाहिला. टाळ्या थांबल्यावर गवासरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

आजी सावकाश उठल्या.

“तो ससा खरा होता,” त्या म्हणाल्या. “माझं एक पिल्लू त्या उन्हाळ्यात गेलं. मी तिथे का थांबले, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर मी गोष्ट कशाला लिहिली असती?”

भेकरबाईंनी मान खाली घातली. एवढ्यात लंबू मोबाइल घेऊन पुढे आला.

“आजी, हेच परत एकदा बोलाल का?” तो म्हणाला. “मागून वारा येत होता. आणि ‘गेलं’ म्हणताना जरा इकडे बघा.”

अस्वलसाहेब त्याच्या चौकसपणावर खूश झाले.

शाल खुर्चीवर ठेवून आजी निघाल्या. कुसळी त्यांच्या मागोमाग गेली. वाटेत तिनं हळूच विचारलं, “आजी, त्या पिल्लाचं नाव काय होतं?”

आजी थांबल्या. एवढ्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी नाव सांगितलं. मग दोघी ओढ्यापर्यंत बरोबर चालत गेल्या.

पुढे सगळं रीतसर झालं. सिनेमा उपलब्ध आहे म्हणून पुस्तकातून ‘पाणवठा’ वगळली. परीक्षेत प्रश्न आला, तरसिणीनं मगरीला कसं हरवलं? सगळ्या वर्गानं बरोबर उत्तर लिहिलं. कुसळीनं लिहिलं, गोष्टीत मगर नाही. ती त्याच इयत्तेत राहिली. लंबू अभ्यासक्रम मंडळावर गेला. भेकरबाई आता जंगलोजंगली फिरून इतर शिक्षकांना ही पद्धत शिकवतात. त्यांचं वाचन मात्र सुटलं.

तात्पर्य : बाळांनो, जिचा सिनेमा करायचा आहे ती गोष्ट चुकूनही वाचू नये. वाचली की ससा कापवत नाही, आणि मग पास होता येत नाही.