चपलांचं माप

डॉक्टर वानखेडे राउंडला आले की आधी पेशंट बघत नसत, चपला बघत. मुलांच्या वॉर्डच्या दारात आईबापांच्या चपलांचा ढीग पडलेला असे. तो मोठा दिसला की त्यांचा चेहरा उजळे. लहान दिसला की मला ऐकावं लागे, "काहून सिस्टर, आज चपला कमी दिसून राहिल्या? पोरं कशी बरी होतील?"

मी त्या वॉर्डची हेड सिस्टर, म्हणजे त्या ढिगाला रोज अडखळणारी. पण डॉक्टरांचं म्हणणं, ताप थर्मामीटरनं मोजावा आणि दवाखाना चपलांनी. आईला बसू देत नाहीत ते गोदाम. मी चपला ओळीत लावल्या की ते पायानं पुन्हा विस्कटून ठेवत.

एका मे महिन्यात संस्थेच्या चिटणिसांनी फर्मान काढलं. देणगीदार शेटजी पाहणीला येतील तेव्हा सगळ्या बायका बाहेर. शेटजींना ही टापटीप आवडली, तर पुढे कायमच आईला फक्त संध्याकाळचे दोन तास.

त्या दुपारी मी बायकांना उठवलं. दारात बघते तर एकही चप्पल नाही.

"माह्या चपला कुठी गेल्या वं बाई?" एकीनं विचारलं. "एवढ्या उनात अनवानी कशी जाऊ?"

बाहेरची फरशी तव्यासारखी तापलेली. बायका परत खाटांपाशी जाऊन बसल्या. चिटणीस घाम पुसत राहिले.

शेटजी आले. एकही मूल रडत नव्हतं.

"यांना झोपेचं औषध दिलंय का?"

"नाही, आई दिली आहे," डॉक्टर म्हणाले. "दिवसातून तीनदा नाही, चालूच असते."

शेटजी हसले. हे असंच राहू द्या, म्हणाले. फर्मान बारगळलं.

चपला निघाल्या डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीतून. संध्याकाळी पोत्यानं परत आल्या आणि जोड्या लावत बसले मी. मौदा गावचा बबन कोपऱ्यातल्या खाटेवरून बघत होता. त्याला आई नव्हती, बाप त्याला सोडून कामावर परतला होता.

"सिस्टर, यात माह्यावाली कोनती?"

"तुझी नाही," मी सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

जोड्या लावून मी त्याचा ताप बघायला गेले, तर खाटेखाली मोठे तपकिरी बूट. बबन झोपलेला, एक हात खाली लोंबत बुटाला टेकलेला.

खिडकीतून पाहिलं. डॉक्टर नुसत्या मोज्यांनी गाडीकडे निघाले होते.

"डॉक्टर, उजव्या मोज्याला भोक पडलंय."

"बरं झालं सांगितलं, सिस्टर," ते म्हणाले. "घरी पाहणारं कोणी नाही नं."