अकरा वह्या आणि एक कबर

चर्चच्या दफनभूमीत धड अशी एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन माणसे रांगेत होती. एक म्हातारे पाळक. त्यांना डॉक्टरांनी फार तर गुरुवारपर्यंतची मुदत दिली होती. दुसऱ्या होत्या चर्चच्या सेक्रेटरीच्या मातोश्री. वय वर्षे त्र्याण्णव. त्यांना मुदत देणारे दोन डॉक्टर स्वतःच आधी त्या दफनभूमीत जाऊन पोचले होते.

ती जागा पाळकांच्या बायकोच्या कबरीला लागून होती. "चाळीस वर्षं तिच्या डाव्या बाजूला झोपलो. आता दुसरीकडे झोप यायची नाही," एवढे एकच मागणे म्हातारे मागत. पण सेक्रेटरीने आठ वर्षांपूर्वी तिथे दगड रोवून आईसाठी जागा राखून ठेवली होती, आणि राखलेली जागा सोडणे त्यांच्या रक्तात नव्हते. उपासनेलासुद्धा ते बाकावर छत्री आडवी टाकून तीन माणसांची जागा धरत.

पाळकांच्या मुलीने दोनदा विनवले. दोन्ही वेळा सेक्रेटरी म्हणाले, "नियम म्हणजे नियम, ताई. बाबांना कोपऱ्यात टाकीजवळ देऊ. तिथं सावलीही आहे."

"मेलेल्या माणसाला सावली काय करायचीय?" ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली.

हा नवरा म्हणजे पाळकांचा जावई. सगळी मंडळी त्याला जावईबापूच म्हणायची. तो पाणीपुरवठा खात्याच्या दप्तरखान्यात वीस वर्षे जुने कागद स्कॅन करत होता. कागद सरळ आहे का आणि कोपरा दुमडलेला आहे का, एवढेच बघायचे. वाचायचे नाही, हा त्याचा धर्म. त्याच्या खोलीतला एक सहकारी वाचत बसायचा. त्याला पिण्याच्या पाण्याच्या टाकीबद्दल असे काही वाचायला मिळाले की त्याने त्याच आठवड्यात गाव सोडले. तेव्हापासून जावयाने फाइलीवरचे शीर्षकही वाचायचे सोडले.

वाचा जाण्याच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यांनी उशीखालून कपाटाची किल्ली काढून जावयाच्या हातात ठेवली होती. "वह्यांचं तेवढं बघा," म्हणाले. कपाटात जाडजूड अकरा वह्या निघाल्या. छापल्यासारखे अक्षर. वर वचनाचा अध्याय आणि क्रमांक, खाली काळ्या शाईत त्याचे विवरण, आणि त्याखाली दोनचार ओळी लाल शाईत. चाळीस वर्षांचे काम.

जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला. मंडळीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये बायबल अभ्यासाचे एकच सॉफ्टवेअर होते, आणि त्यात आपण लिहिलेले पुस्तक घालायची सोय होती. मजकूर घातला की ज्या टिपेच्या डोक्यावर वचनाचा क्रमांक असेल, ती टीप सॉफ्टवेअर बरोबर त्या वचनाशेजारी नेऊन टाकायचे. क्रमांक नसलेले पान ते गपचूप सोडून द्यायचे.

"बाबांचं विवरण सगळ्यांच्या फोनमध्ये गेलं, तर त्यांना टाकीजवळ पुरायची कुणाची छाती होईल?" तो बायकोला म्हणाला.

"तुम्ही वाचलंत का पण?"

"त्यात वाचायचं काय? बायबलच आहे ना."

खात्याने मोडीत काढलेले एक स्कॅनिंगचे यंत्र त्याने घरी आणून ठेवले होते. शनिवारच्या एका दिवसात त्याने अकराही वह्या त्याच्याखालून काढल्या. यंत्राने अक्षर ओळखले, सॉफ्टवेअरने पुस्तक केले, आणि चहाच्या वेळेला त्याने ते मंडळीतल्या एकशे चाळीस फोनांवर पाठवले. मग म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, तुमच्या वह्या सगळ्यांच्या फोनमध्ये पोचल्या."

चार दिवस मिटलेले डोळे खाडकन उघडले. म्हाताऱ्यांनी त्याचे मनगट पकडले. महत्प्रयासाने एकच शब्द बाहेर आला. "पहिलं..."

"पहिलं काय, बाबा?"

"पान."

"हो, हो. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. एकही सोडलं नाही."

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले. कुत्र्याने घरच्या चपला शेजाऱ्याला नेऊन दिल्यावर मालक कुत्र्याकडे पाहतो, तसे. मग त्यांनी डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत; श्वास तेवढा घरघरत राहिला.

"समाधान झालं हो त्यांचं," जावई डोळे पुसत म्हणाला.

रविवारी उपासनेत नव्या पाळकांनी नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय काढायला सांगितले. पहिल्याच, खोट्या तराजूच्या वचनाशेजारी एक छोटी खूण होती. मंडळीने खुणेवर बोट टेकवले. आधी विवरण आले, सुंदर, तीन ओळींचे. आणि त्याखाली: "हे वचन वाणीदादाला त्याच्या दुकानात वाचून दाखवले. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले शिसे त्याने स्वतः दाखवले. फार रडला. शिसे काढलेले नाही."

वाणीदादा तिसऱ्या बाकावर होता. तो हळूहळू इतका खाली घसरला की मागच्यांना त्याची नुसती टोपी दिसू लागली.

म्हाताऱ्या पाळकांची एक रीत होती. कुणाच्या घरी गेले की त्या माणसाचे मन ओळखून एक वचन वाचायचे. त्यावर माणूस जे काही ओकेल ते घरी येऊन त्याच वचनाखाली लाल शाईत लिहायचे, म्हणजे रोज प्रार्थनेत त्याचे नाव सुटू नये. चाळीस वर्षांत त्यांनी एक शब्द बाहेर फुटू दिला नव्हता. ते काम जावयाने एका दुपारी केले.

नवे पाळक व्यासपीठावरून पाहत राहिले. माना खाली, बोटे भराभर पुढे, कुणी खोकतसुद्धा नव्हते. "तुमची वचनाची भूक बघून माझं मन भरून आलं," ते म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? कुणी स्वतःला शोधत होते, बाकीचे शेजाऱ्याला.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना त्या स्वतः स्तोत्र अठ्ठ्याऐंशीखाली सापडल्या. "नवरा गेल्यापासून हिचा देवावर विश्वास नाही. घरी ऑर्गन नाही म्हणून येते. देवाला चालेल असे सांगितले." बाईंनी फोन उलटा ठेवला आणि पुढचे गीत एक सूर खाली वाजवले.

आणि मग दहा आज्ञांपैकी आईबापांविषयीची आज्ञा. सेक्रेटरीच्या मातोश्री पहिल्या बाकावर टॅबलेट घेऊन बसत. डोळे अधू, म्हणून अक्षर इतके मोठे की मागच्या तीन बाकांनाही वाचता यावे. त्या तीन बाकांनी वाचले: "सेक्रेटरी आला होता. जागा राखून आठ वर्षे झाली तरी आई जात नाही, अशी तक्रार. आईचे औषध दोनदा मुद्दाम विसरल्याचे कबूल केले."

म्हातारीने चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचले. मग शेजारी बसलेल्या मुलाला म्हणाली, "दोनदाच?"

दुपारी जावयाने फोनवर ते पुस्तक पुसले. सॉफ्टवेअरने नम्रपणे कळवले की पुस्तक तुमच्याकडून काढले आहे, इतरांकडे ते तसेच राहील. मात्र नवी आवृत्ती पाठवली तर जुनी आपोआप जाईल.

"मग लाल शाई वगळून नवी पाठवतो," तो म्हणाला.

"या वेळी वाचून पाठवा," बायको म्हणाली.

"तू तरी वाचलंस का?"

"लोकांनी बाबांच्या कानात सांगितलेलं मी कशाला वाचू?"

त्या यंत्रात शाई वेगळी करायची सोय होती. दप्तरखान्यात ती रोज लागायची, कारण साहेब लोकांचे शेरे लाल शाईत असत, आणि खात्याला कागदाशी काही घेणे नसून फक्त शेऱ्याशी असे. यंत्राने वचनांचे क्रमांक दोन्हींकडे ठेवून दोन गठ्ठे करून दिले, काळा आणि लाल. वीस वर्षांच्या सवयीने जावयाच्या हाताने दुसरा उचलला, आणि एकशे चाळीस फोनांवर पाठवून दिला. देवाचे विवरण पुसले गेले. फक्त माणसे उरली.

तासाभरात चर्चची समिती दारात उभी राहिली. सेक्रेटरी, वाणीदादा, ऑर्गनवाल्या बाई, आणि बोलावले नसताना काठी टेकत मातोश्री. आतल्या खोलीत म्हाताऱ्यांचा श्वास घरघरत होता, म्हणून भांडण कुजबुजत झाले.

"जावईबापू, सकाळी निदान वर बायबल तरी होतं," वाणीदादा म्हणाला.

"चुकून झालं हो."

"दोनदा?"

"पाळकांच्या चाळीस वर्षांत एक शब्द फुटला नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही दोन दिवसांत दोन आवृत्त्या काढल्या."

सेक्रेटरी दात खाऊन म्हणाले, "आता तर टाकीजवळसुद्धा जागा नाही. माझी जागा मी सोडत नसतो."

"तुझी कधीपासून झाली?" मातोश्री म्हणाल्या. "जागा माझ्या नावाची आहे. आणि मला एवढ्यात नको. घाई तुला आहे, मला नाही."

"आई, अगं, लोकांसमोर..."

"लोकांनी मोठ्या अक्षरात वाचलंय, बाळा. आता बारीक बोलून काय उपयोग? जागा पाळकांना द्या. बायकोशेजारी झोपू दे त्यांना. आणि आजपासून माझं औषध मी ऑर्गनवाल्या बाईंच्या हातून घेईन. त्यांचा देवावर नसेल, पण घड्याळावर विश्वास आहे."

पाळकांची मुलगी भिंतीला टेकून मुकाट रडू लागली. सेक्रेटरीने शेवटी मान हलवली. पण समितीने एक अट घातली. अकराही वह्या शवपेटीत, म्हाताऱ्यांबरोबर. आणि फोनमधले पुस्तक सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांदेखत पुसायचे.

म्हातारे सोमवारी पहाटे गेले. डॉक्टरांनी दिलेल्या गुरुवारच्या तीन दिवस आधीच, आणि त्या तीन दिवसांचा हिशेब जावयाने कुणालाच विचारला नाही. सुताराने पेटी पायाकडे वीतभर लांब केली. पायाशी वह्या रचल्या. चर्चच्या दारात रांग लावून प्रत्येकाने शेजाऱ्याला दाखवत फोनमधले पुस्तक पुसले. फक्त मातोश्री म्हणाल्या, "मला नाही हो जमत ते. अधू डोळे," आणि त्र्याण्णव वर्षांच्या बाईच्या हातातून टॅबलेट ओढून घ्यायला कुणी धजावले नाही.

पेटी उचलायला सहा जण लागतात. सहाही जण वह्यांमधलेच होते. अर्ध्या वाटेत वाणीदादा धापा टाकू लागला.

"जड आहे फार."

"पुऱ्या वजनाची सवय नाही ना," पलीकडचा म्हणाला.

पेटी बायकोच्या कबरीशेजारी उतरली, डाव्या बाजूला. मुलीने मूठभर माती टाकली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

माणसे पांगल्यावर मातोश्रींनी जावयाला हाक मारली. त्या कबरीजवळच्या दगडावर, म्हणजे स्वतःच्याच राखीव दगडावर, टॅबलेट घेऊन बसल्या होत्या.

"जावईबापू, तुमच्या लग्नात पाळकांनी कुठलं वचन दिलं होतं?"

"रूथच्या पहिल्या अध्यायातलं काहीतरी. मला नक्की आठवत नाही."

"काढलंय मी. तुम्ही वाचायचे नाहीत, म्हणून बोलावलं."

मागच्या तीन बाकांना दिसेल एवढ्या अक्षरात ते समोर होते. त्याने वीस वर्षांत पहिल्यांदा एक कागद वाचला.

"मुलीला आणि जावयाला हे वचन दिले. जावई सरळ माणूस. हाताखालून गेलेला कागद वाचत नाही. माझ्यामागे या वह्या उघडून न बघता जाळायला याच्याइतका भरवशाचा माणूस मंडळीत दुसरा नाही. विसरू नये म्हणून पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तसे मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे."

पहिल्या वहीचे पहिले पान जावयाला चांगले आठवत होते. ते जरा तिरके येत होते. त्याने ते दोनदा सरळ केले होते.