भाऊंची अमावास्येची धाव

आमचे शेजारी भाऊ पंचांग बघितल्याशिवाय धावायला निघत नाहीत. वय अडुसष्ट, मुरूडला नारळ-सुपारीची वाडी, आणि पायात लेकीने पाठवलेले पोपटी बूट. ते बूट रस्त्यावर दिसले की अख्खी आळी समजते, ओहोटी लागली.

लेक मधुरा पुण्यात असते, मॅरेथॉन धावते. तिने आपल्या कोचचं वेळापत्रक भाऊंना पाठवलं. सोमवारी विश्रांती, रविवारी लांब धाव. भाऊंनी ते चष्मा लावून वाचलं आणि निकाल दिला, की हा मनुष्य घाटावरचा, ह्याला समुद्र ठाऊक नाही. रविवारी भरती असली तर धावायचं कुठे, माडावर? मग त्यांनी सगळं वेळापत्रक तिथींवर बसवलं. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे ओहोटी, वाळू घट्ट, म्हणून लांब धाव. अष्टमीला सकाळी पाणी वर, म्हणून विश्रांती. कोचला तसं कळवलंसुद्धा. अष्टमी म्हणजे कितवा आठवडा, असं त्या बिचाऱ्याने विचारलं. "सल्ला आपल्या मापाने घ्यायचा, मास्तर," हे वर मला.

एक सूचना मात्र त्यांनी जशीच्या तशी घेतली. धावताना सबंध वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. आता बोलायचं तर ऐकायला माणूस हवा. म्हणून माझे दुखरे गुडघे विचारात न घेता मला सायकलवर बसवण्यात आलं. तीन महिने भाऊ धावतायत, मी शेजारून सायकल हाकतोय, आणि ते मला विहिरीकडचा माड, मांजरीची पिल्लं, काय वाट्टेल ते सबंध वाक्यांत सांगतायत. मध्ये धाप लागली की तेच वाक्य पहिल्यापासून. त्या मांजरीची चार बाळंतपणं मला आता पाठ आहेत.

शेवटी मी वैतागलो. तुम्हाला नक्की धावायचंय तरी किती, दहा किलोमीटर की बेचाळीस, असं सरळ विचारलं. भाऊ थांबले.

"मधुराबरोबर धावायचंय. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली, मास्तर. तेव्हापासून फोनवर आमचं दोन मिनिटांत संपतं. जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. समोरासमोर तर मला त्याहून जमत नाही. धावताना निदान तोंडाकडे बघावं लागत नाही."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी मांजरीबद्दल प्रश्नही विचारू लागलो.

अमावास्येला मधुरा आली. पहाटे दोघं निघाली. भाऊंच्या मुठीत विषयांची चिठ्ठी होती. मी सायकल घरीच ठेवून किनाऱ्यावर बसून राहिलो. बरीच लांब गेल्यावर दोघं एकदम थांबली, आणि मी उठून उभा राहिलो. मग कितीतरी वेळाने ती चालत परत आली. दोघांचेही डोळे लाल.

"पहिल्याच विषयावर अडलो," भाऊ हळूच मला म्हणाले. "विहिरीकडचा माड तुझ्या आईने लावलेला, एवढं तिला म्हटलं. पुढचं वाक्य काही निघेना. मग तीच बोलत राहिली."

मधुरा बुटांतली वाळू झटकत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "बाबा, पौर्णिमेला ओहोटी किती वाजता?"

"सहाला," भाऊ म्हणाले. पंचांग घरीच होतं.