सुर्व्यांची डबल बेल

सुर्वे आकडी येऊन उभ्या जागी ताठले आहेत, अशा समजुतीने एका मासेवालीने डोक्यावरची पाटी वाळूत ठेवून त्यांच्या नाकाला स्वतःची चप्पल लावली, तरी त्यांनी वर चाललेला हात खाली घेतला नाही. चप्पल हुंगत हुंगत तो हात त्यांनी आपल्या गतीने पुरता वर नेला, तसाच छातीपर्यंत आणला, अंगाचं वजन उजव्या पायावरून डाव्या पायावर घेतलं आणि मग म्हणाले, "बरा हाय मी. व्यायाम चाललाय." पाटी उचलून जाताना ती बाई जे बोलली ते मला लिहिता येणार नाही. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे.

भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, सुर्व्यांच्या हाताखाली आम्हा काही निवृत्तांचा हा प्रकार रोज सकाळी साडेसहाला चालतो. त्याला तायची म्हणतात. मूळ चीनचा. 'कुठल्या ताईची?' हा विनोद पहिल्या आठवड्यात आम्ही प्रत्येकाने एकेकदा करून घेतला. सुर्वे एकदाही हसले नाहीत, तेव्हा तो बंद पडला.

सुर्वे माझे समोरचे शेजारी. मूळ देवरूखकडचे, सरकारी लाल गाडीवर एकतीस वर्षं ड्रायव्हर. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन राजापुरात. त्यांच्या गाडीत बसलं की घाट कधी आला आणि कधी गेला ते फक्त पोटाला कळायचं. मी स्वतः दोनदा त्यांच्या गाडीत ओकले आहे आणि हे त्यांना निदान पन्नासदा ऐकवलं आहे. अशा माणसाने म्हातारपणी नुसता हात वर करायला अर्धं अर्धं मिनिट घ्यावं, हे बघून मला आधी त्यांच्या डोक्याची काळजी वाटली होती.

मी त्यांच्यात गेले ती काही आवडीने नाही. माझे यजमान गेल्यापासून माझी झोप उडाली होती. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. उठून चालायला लागलं की भोवळ. रक्तदाबाची गोळी एकाची दीड झाली. घरात भिंत धरून चालते आहे हे सुर्व्यांनी खिडकीतून पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "बाई, उद्यापासून भाट्याला चला. वेळापत्रक घरी ठेवून या."

'वेळापत्रक घरी ठेवून या' हे त्यांचं रोजचं वाक्य. तायचीतल्या हालचालींना चिनी नावं आहेत म्हणे, पण सुर्व्यांनी ती केव्हाच बदलून टाकली. दोन्ही हात तोंडासमोरून गोल फिरवायचे, ते 'काच पुसणं'. वाकून एका बाजूला वळायचं, ते 'आंबा घाट'. एकेक पाऊल मागे टाकत जायचं, ते अर्थात 'रिव्हर्स', आणि त्या वेळी कोणीतरी पाठीमागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायलाच हवं, नाहीतर सुर्वे पाऊल टाकत नाहीत. आमच्यातले लिमये बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते घाईघाईने पाय बदलायचे. सुर्वे त्यांना म्हणायचे, "लिमयेसाहेब, क्लच सावकाश सोडा. गाडीत गरवार बाई उभी हाय." लिमयांना आयुष्यात इतकं स्पष्ट कोणी बोललं नसावं. ते मुकाट्याने क्लच सावकाश सोडायचे.

गाडीत नसलेल्या त्या गरोदर बाईने मला मात्र बरं केलं. कोणत्या पायावर किती वजन आहे याकडे लक्ष ठेवताना दुसरं काही मनात आणायला जागाच उरत नाही. रोजची चाळीस मिनिटं माझ्या घरातली रिकामी खुर्ची मला दिसायची नाही. दोन महिन्यांनी लक्षात आलं की मी भिंत न धरता, एका पायावर उभी राहून चप्पल घालते आहे. झोप साडेपाचपर्यंत लांबली. गोळी दीडच राहिली, ती काही चिनी माणसांनी कमी केली नाही. पण पडण्याची भीती गेली, आणि ती गेल्यावर कळलं की दिवसभर मी दुसरं काहीच करत नव्हते, भीतच होते.

आता सुर्व्यांच्या डब्याबद्दल. सुर्व्यांच्या तायचीत एक नियम आहे, जो चीनमध्ये नसावा. कोणीतरी डबल बेल दिल्याशिवाय सुरुवात करायची नाही. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे लाल गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यासाठी सुर्वे घरून स्टीलचा रिकामा डबा आणि चमचा आणतात. आमच्यातलं कोणीतरी डब्यावर दोन ठोके मारतं आणि मग सुर्वे हलतात. एकदा आम्ही मुद्दामच गप्प बसलो. किती वेळ थांबतात बघू, असं लिमयांचं म्हणणं, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यात होते. सुर्वे हात सोडून वीस मिनिटं उभे राहिले. रागावले नाहीत, मागे वळून पाहिलं नाही, काही विचारलं नाही. शेवटी लिमयांनाच चहाची तल्लफ आली आणि त्यांनी ठोके दिले.

परत येताना मी म्हटलं, स्वतःच दोन ठोके मारून घ्यायला काय होतं?

"ड्रायव्हरनं बेल द्यायची नसते, बाई," ते म्हणाले. "त्यानं ऐकायची."

निवृत्त माणसाचं खूळ, असं मी मनात म्हटलं. निवृत्त माणसांची खुळं मला घरबसल्या माहीत आहेत.

भाट्याहून आल्यावर सुर्वे आंघोळ करून, इस्त्रीची खाकी पँट घालून रोज दहाला कुठेतरी जात. गल्लीत यावर बरीच चर्चा होती. कोणी म्हणे डेपोत जाऊन बसतात, कोणी त्याहून वाईट म्हणे. मी थेट विचारलं असतं, पण त्याआधी तेच आले. म्हणाले, नाचणे गावात पाष्ट्यांकडे व्यायामाच्या वेळी मागे उभं राहायला माणूस हवाय. पाष्टेवहिनींचा हात मनगटापाशी मोडून प्लास्टरमध्ये आहे. महिनाभर याल काय?

गोविंद पाष्टे हे त्यांचे कंडक्टर. एकाच गाडीवर दोघांनी अठरा वर्षं काढलेली. दहा वर्षांपूर्वी एका थांब्यावर पाष्टे गाडीखाली पडले आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. वहिनींनी मला सांगितलं ते असं, की पाष्ट्यांनी एक पाय पायरीवर ठेवून बेल दिली, गाडी हलली आणि दुसरा पाय घसरला. हाड कसंबसं जुळलं, पण चाल गेली ती गेलीच. पुढे चार वर्षांपूर्वी कंपवात सुरू झाला. हात थरथरायचे, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं व्हायचं, आणि महिन्यातून दोनतीनदा पडणं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने साफ सांगितलं होतं की आजार जाणार नाही. पण तोल शाबूत राहिला तर पडणं कमी होईल, आणि मन थाऱ्यावर राहील. तिनेच मोबाइलवर ही तायची दाखवली. पाष्ट्यांना मोबाइलमधलं कळेना. तेव्हा सुर्वे घरी गेले, पाण्याच्या कळशीला मोबाइल टेकवून तीन महिने एकटेच शिकले, आणि मग पाष्ट्यांकडे रोज जायला लागले. भाट्याचा आमचा वर्ग म्हणजे सुर्व्यांची उजळणी होती. हे मला तेव्हा कळलं आणि थोडा अपमानही वाटला.

पाष्ट्यांच्या अंगणात जांभ्याचे चिरे रचून केलेली एक पायरी होती. कुठेच न जाणारी. सुर्वे डेपोत जाऊन गाडीच्या पहिल्या पायरीची उंची टेपने मोजून आले होते आणि नेमकी तेवढी ती केली होती. पाष्ट्यांना एकदा स्वतःच्या पायांनी गाडीत चढवायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. खोलीत वाशाला दोरी बांधून एक पितळी घंटी लटकवलेली होती. ती पाष्ट्यांनी ओढायची.

पहिल्या दिवशी मी पाष्ट्यांच्या मागे उभी राहिले. सुर्वे त्यांच्यासमोर, दोन हातांवर, हात सोडून. पाष्ट्यांचा हात दोरीकडे निघाला. दोरी राहिली बाजूला, हात भलतीकडेच गेला. परत निघाला. परत चुकला. माझ्याने बघवेना. मी दोरी त्यांच्या बोटांत द्यायला पुढे झाले, तशी सुर्व्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती मी विसरणार नाही. मी मागे आले. बऱ्याच वेळाने घंटी एकदा वाजली. एक म्हणजे थांबा. सुर्वे थांबलेले. मग परत सगळं पहिल्यापासून. शेवटी लागोपाठ दोनदा वाजली आणि दोघा म्हाताऱ्यांचे हात एकदम वर जाऊ लागले.

हात हवेत चढायला लागला की पाष्ट्यांची थरथर कमी व्हायची. थांबायची नाही, कमी व्हायची. चेहरा आजाराने लाकडासारखा झालेला, त्यावर काही उमटायचं नाही. पण व्यायामानंतर ते खुर्चीत बसून दोन वाक्यं सलग बोलायचे. वहिनी म्हणाल्या, हे सुरू झाल्यापासून वर्षात दोनदाच पडलेत, आणि रडणं बंद झालंय. ते रडायचे हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

वहिनींचा हात सुटला तरी मी जात राहिले. 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायला माझ्याइतका खणखणीत आवाज त्या गावात दुसरा नव्हता. दिवाळीनंतर एका सकाळी पाष्टे अंगणातल्या त्या पायरीवर चढले. कोणाचा हात न धरता. वर उभे राहिले, डुलले, सावरले. सुर्वे खाली दोन्ही हात पसरून उभे होते. पुढच्या महिन्यात डेपोत जायचं ठरलं.

ते झालं नाही. या आजारात पुढे पुढे घासही नीट गिळता येत नाही. पाष्ट्यांच्या छातीत कफ झाला, ताप चढला, दवाखान्यात आठ दिवस ठेवून परत आणलं. परत आणलं म्हणजे काय ते वहिनींना कळलं होतं. सुर्वे दहाला येतच होते. घंटीची दोरी त्यांनी वाढवून खाटेपर्यंत आणली, पाष्ट्यांच्या पंजात ठेवली आणि समोर उभे राहिले. मी दाराशी होते. दहाचे अकरा झाले, साडेअकरा झाले. घंटी वाजली नाही. सुर्वे हलले नाहीत. बाराला वहिनींनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. दुपारी पाष्टे गेले.

माणसं जमली तेव्हा लिमये दमून त्या जांभ्याच्या पायरीवर बसले. सुर्व्यांनी त्यांना उठवलं.

त्यानंतर सुर्वे भाट्याला यायचे बंद झाले. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी आले. खाकी पँट चुरगळलेली, दाढी वाढलेली. डबा आणि चमचा वाळूत ठेवून आपल्या जागेवर जाऊन हात सोडून उभे राहिले. लिमयांनी डबा उचलला, पण ठोका द्यायचा धीर त्यांना होईना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी सुर्व्यांजवळ गेले आणि म्हटलं, आज राहू द्या का?

"पाष्ट्यांनी बेल दिली नव्हती, बाई," सुर्वे म्हणाले.

मला आधी शेवटच्या सकाळचंच बोलताहेत असं वाटलं. पण ते दहा वर्षांपूर्वीचं सांगत होते.

"अठरा वर्षं एका गाडीवर. त्यांची बेल कधी येनार ते मला आधीच ऐकू यायचं. येनारच, म्हनून मी गाडी सोडली. आली नव्हती. ते खाली म्हातारीला हात देऊन उतरवत हुते. चौकशीत पाष्ट्यांनी लिहून दिलं. 'बेल मी दिली, पाय माझा घसरला.' माझी नोकरी ऱ्हायली."

या दहा वर्षांत तुम्ही दोघं कधी यावर बोललात का, असं मी विचारलं.

"ते नाय बोलले. मीपन नाय. मी रोज थांबायचो. तेवढंच."

मला ती वीस मिनिटं आठवली, आम्ही मजा म्हणून त्यांना उभं ठेवलं ती, आणि इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना.

मी लिमयांच्या हातून डबा घेतला. एक ठोका मारला. दुसऱ्याच्या आधी माझाच हात अडला, मग तोही मारला.

सुर्वे लगेच हलले नाहीत. त्यांनी मान वळवून मागे, डावीकडे पाहिलं. गाडी सोडण्याआधी दारात कोणी नाही ना, हे ड्रायव्हर बघतो तसं. मागे भाट्याची वाळू होती, तिच्यावर कोणी नव्हतं. तरी ते बराच वेळ तिकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा हात सावकाश वर जाऊ लागला.